नऊ नंबरची पाटी

तेविसावी पाटी भिंतीवर चढली त्या दिवशी टपालकाकांनी ड्रिल मशीन डब्यात ठेवलं आणि डब्याला वरून सुतळी बांधली. सुतळीची तशी गरज नव्हती, डब्याला दोन चांगल्या कड्या होत्या. पण कडी उघडायला सोपी, आणि काकांना तो डबा या जन्मात पुन्हा उघडायचा नव्हता.

काका सत्तरीचे. पस्तीस वर्षं त्यांनी या गावात टपाल वाटलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रस्त्यात माणसं अजून विचारायची, "काका, माझं काही आहे का?" आणि काकांचा हात आपोआप खांद्यावर नसलेल्या पिशवीकडे जायचा. बायको म्हणायची, तुम्हाला नोकरीनं सोडलं, गावानं सोडलं नाही. तिचं खोटं नव्हतं. नाहीतर पाट्यांचं हे लचांड त्यांच्या गळ्यात कशाला पडतं?

लचांड असं: युद्धाच्या वेळी गावातले तेवीस जण हवाई दलात गेले आणि परत आले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा भरली आणि ठरलं, की ज्या घरातून जो निघाला त्या घराच्या भिंतीवर त्याच्या नावाची पितळी पाटी लावायची. नाव, वय, विमानातलं काम, तारीख. टाळ्या वाजल्या, अकरा जणांची समिती झाली. त्यातले चौघं पहिल्याच वर्षी गळाले, दोघं वारले, एक मुलाकडे राहायला गेला, दोघं उंटावरून शेळ्या हाकत राहिले. उरले दोघं. जुने कागद उकरून काढणाऱ्या इतिहासाच्या बाई, आणि भिंतीला भोकं पाडणारे टपालकाका.

भोकं पाडणं सोपं. भिंत मिळवणं कठीण. आधी मालकाला गाठायचं, मग त्याच्या बायकोला पटवायचं, मग दोघांची सही घ्यायची, आणि तोवर दर वेळी चहा प्यायचा. काकांचं पित्त त्या चहांनी कायमचं बिघडलं. कुणी म्हणे ओल येईल, कुणी म्हणे घर विकताना गिऱ्हाईक बिचकेल. एकीनं तर विचारलं, पितळेऐवजी खिडकीला शोभेल असा काही रंग नाही का? काका सगळ्यांना तेच सांगत. अहो, तो पोरगा याच पायरीवरून उतरून गेला. या पायरीचा मान आहे हा. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातला अर्थ घासून गुळगुळीत झाला होता. शेवटी शेवटी तर पाटी लावताना ते नावसुद्धा वाचत नसत, फक्त चार भोकं एका रेषेत येतात की नाही ते बघत. थकलेला माणूस असाच होतो, त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. चूक त्यांनी वेगळीच करून ठेवली होती.

साप्ताहिकात दोन ओळींची बातमी आली: सर्व तेवीस पाट्या पूर्ण, समितीचं काम संपलं. बायकोनं ती वाचली आणि म्हणाली, "चला, आता तुमच्या गुडघ्यांची समिती काढा." चौथ्या दिवशी, शनिवारी, काकांच्या दारात पत्र पडलं. कापऱ्या अक्षरातलं, पण पत्ता मात्र कसा चोख.

"आपण सर्व पाट्या लावल्या असे वाचले. आमच्या भावाची पाटी आमच्या घरावर नाही. तो विमानात होता. त्याचे नाव का नाही, एवढे कृपा करून कळवावे. गुरुवारी मला येथून हलवणार आहेत, तरी त्याआधी कळवावे." खाली भावाचं नाव, मग स्वतःची सही आणि घर नंबर चौतीस.

काकांनी डोक्याला हात लावला. भावाचं नाव यादीत सातवं होतं आणि त्याची पाटी सात वर्षांपूर्वी, त्याच गल्लीत, नऊ नंबरला लागली होती. बँड होता, भाषण होतं, पाऊस नको म्हणून धरलेली छत्रीसुद्धा होती. चौतीस नंबरच्या आजींना तर काका चांगले ओळखत. दोघी बहिणी. दोघी लग्न होऊन गेल्या, दोघींचे नवरे गेले, आणि म्हातारपणी दोघी आईवडिलांच्या घरात परत आल्या. काकांनी दहा वर्षं त्यांची पेन्शनची पाकिटं तिथे टाकली, पण पाकिटांवर दोघींची सासरची आडनावं. माहेरचं आडनाव टपालवाल्याला कोण सांगणार? थोरली तीन वर्षांपूर्वी गेली होती. धाकटी एक्क्याण्णवची. गोंधळली असेल बिचारी, काका मनाशी म्हणाले. जाऊन सांगून येऊ, पाच मिनिटांचं काम.

चौतीस नंबरचा जिना अरुंद, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. वर पोचेपर्यंत काकांच्या गुडघ्यांनी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. खोलीत पुठ्ठ्याची खोकी भरून ठेवली होती, भिंतीवर फ्रेम काढलेल्या जागी फिकट चौकोन दिसत होते. खिडकीपाशी दोन खुर्च्या. एकीवर आजी, दुसरीवर घडी घातलेली घोंगडी.

"पत्र पोचलं वाटतं," आजी म्हणाल्या.

"पोचलं ना. आजी, अहो तुमच्या भावाची पाटी कधीच लागलीय. नऊ नंबरला."

"नऊ नंबरला कशी लागेल? आम्ही तर इथे राहतो."

"युद्धाआधी तुमचं बिऱ्हाड नऊ नंबरात असेल. कागदावर तसंच आहे."

आजींनी वाद घातला नाही. मांडीवर एक फोटो होता, तो पुढे केला. गणवेशातला सडपातळ पोरगा, सायकलला टेकून उभा. मागे दार, दारावर पंख्याच्या आकाराची लोखंडी जाळी, आणि चौकटीवर ठळक आकडा नऊ. तीच जाळी काकांनी आत्ता जिना चढण्याआधी डोक्यावर पाहिली होती.

"हा फोटो कुठला?"

"खालच्या दाराचा. इथलाच. आमचं घर तेव्हा नऊच होतं. मग युद्ध संपलं, पूल झाला, आणि घरं पुलाच्या बाजूनं मोजायला लागले. एकचं बेचाळीस झालं, बेचाळीसचं एक. आमचं चौतीस. बाबांना महिनाभर राग होता."

काका भरलेल्या खोक्यावर तसेच टेकले. सात वर्षांपूर्वीचं बोलणं त्यांना शब्द न् शब्द आठवलं. बाई म्हणाल्या होत्या, जुना नकाशा एकदा बघून घ्या, कधी कधी नंबर बदललेले असतात. आणि काका काय म्हणाले? "बाई, पस्तीस वर्षं या गल्लीत टपाल टाकलंय मी. मला नंबर शिकवता?" दुसरा कुणीही असता तर त्यानं मुकाट्यानं नकाशा उघडला असता. ही चूक करायला टपालवालाच लागतो. ज्यानं आयुष्यभर दारावरचा आकडा प्रमाण मानला, त्यालाच वाटणार की आकडा दाराबरोबर जन्माला येतो.

"चूक माझी आहे, आजी," ते म्हणाले. "नकाशा बघायला हवा होता. मी बघितला नाही."

"म्हणजे तो तुमच्या यादीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून!"

आजी घोंगडीच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक म्हणायचे, त्यानं आधीच उडी मारली. बाकीच्यांना जळत्या विमानात सोडून. आम्हाला तार आली ती फक्त बेपत्ता म्हणून. मग लोकांनी उरलेलं आपल्या मनानं भरलं."

काकांचा जीव भांड्यात पडला. निदान इथे तरी त्यांच्या हातात देण्यासारखं काही होतं. "साफ खोटं, आजी! बाईंनी सगळे कागद पाहिलेत. विमान समुद्रात कोसळलं ते जवळच्या जहाजावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. सातही जण आत होते. कुणी उडी मारली नाही. तुमचा भाऊ तर शेपटीत मशीनगनवर होता, शेवटपर्यंत तिथेच होता."

"पाहिलं त्यांनी?"

"लिहून दिलंय तसं."

"बरं," आजी म्हणाल्या. बराच वेळ त्या फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या. "गुरुवारी सकाळी पुतण्या मला न्यायला येणार. म्हाताऱ्यांच्या त्या निवासात. घर विकलंय. त्याआधी माझ्या दारावर लावा पाटी. मला बघायची आहे."

नवी पाटी ओतायला दोन महिने लागतात. म्हणजे एकच मार्ग उरला. नऊ नंबरची उतरवायची.

काकांनी बाईंना फोन केला. बाई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "बरं झालं कळलं." मी म्हणाले होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर काकांना त्या रात्री झोप तरी लागली असती.

रविवारी ते नऊ नंबरला गेले. तिथे एक बस ड्रायव्हर राहायचा. मानेनं जाड, बोलायला तुटक. सात वर्षांपूर्वी यानेच सर्वांत जास्त छळलं होतं. माझ्या भिंतीला हात लावायचा नाही म्हणाला होता, आणि काकांनी तीन रविवार त्याच्याकडे चहा पिऊन त्याला वळवला होता. आता तो बाहेरच उभा होता. हातात फडकं आणि पितळ पुसायची पावडर.

"या काका! बघा, कशी चमकतेय. दर रविवारी पुसतो मी."

काकांना पळून जावंसं वाटलं. पण पाय तेवढे चपळ राहिले नव्हते, म्हणून उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

ड्रायव्हर ऐकत होता तोवर ठीक होतं. ऐकून झाल्यावर त्यानं फडकं खिडकीत ठेवलं आणि म्हणाला, "नाही."

"अहो, नाही कसं?"

"नाही म्हणजे नाही. मला हे नको होतं तेव्हा कोण आलं होतं गळ घालायला? तुम्ही! याच पायरीवरून उतरला म्हणालात. आई इथे उभी होती म्हणालात."

"आईचं मी म्हणालो?"

"तीनदा. बायको नवं दार बसवायचं म्हणून पाच वर्षं मागे लागलीय. हे जुनं दार फुगतं, पावसाळ्यात लागत नाही, थंडीत वारा आत घेतं. मी बसवू दिलं नाही. का? तर तो या दारातून गेला. रोज पहाटे पहिल्या बसला निघताना मी त्याला सांगून निघतो, जातो रे म्हणून. आणि आता तुम्ही म्हणता, तो इथे राहतच नव्हता!"

आईला या पायरीवर उभं केलं होतं ते काकांनीच. कुठल्याच कागदात ती नव्हती. भिंत मिळावी म्हणून केलेली ती जुळवाजुळव होती, आणि समोरच्या भल्या माणसानं तिच्यापायी पाच हिवाळे वारा खाल्ला होता. काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी समजूत घालायचं सोडूनच दिलं. पायरीवर बसले.

"मग इथून कोण गेलं होतं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"बाईंच्या जुन्या कागदांत शिवणकाम करणारं एक कुटुंब आहे. युद्धभर इथेच राहिलं. सगळे सुखरूप."

ड्रायव्हर यावर हसला नाही. आत गेला आणि पाचेक मिनिटं आला नाही. काकांना वाटलं, झालं, आता दार लागेल. दार फुगलेलं होतं म्हणून असेल, लागलं नाही. तो बाहेर आला तेव्हा हातात पेचकस होता.

"म्हातारी अजून आहे ना? सख्खी बहीण?"

"बुधवारपर्यंत आहे."

"मग तुम्ही हात लावू नका. मी काढतो. आणि लावायलाही मीच येणार, बुधवारी माझी दुपार मोकळी आहे. तुमच्या हाताला कंप आहे काका, गेल्या वेळी खालचा डावा स्क्रू तिरका बसवलात. सात वर्षं माझ्या डोळ्यात खुपतोय."

बुधवारी दुपारी काकांनी डब्याची सुतळी सोडली. गाठ इतकी घट्ट बसली होती की शेवटी कापावी लागली.

बँड नव्हता, भाषण नव्हतं. बाई आल्या होत्या, हातात कागदांची फाईल धरून, आणि पुतण्या एक दिवस आधीच आला होता. त्यानं आणि ड्रायव्हरनं आजींना खुर्चीसकट दोन मजले खाली उतरवलं. दारासमोर फुटपाथवर खुर्ची ठेवली, पायांवर घोंगडी घातली. ड्रायव्हरनं भिंतीवर पेन्सिलनं खुणा केल्या, दोनदा मोजल्या, आणि भोकं पाडली. विटेची लाल पूड आजींच्या घोंगडीवर पडली, ती त्यांनी झटकली नाही. चौथा स्क्रू आवळून झाल्यावर ड्रायव्हरनं खिशातलं फडकं काढलं, पाटी एकदा पुसली आणि बाजूला झाला. नाव. वय एकोणीस. मशीनगनर. तारीख.

"सरळ आहे," बाई म्हणाल्या.

कुणालाच पुढे काय करायचं ते सुचेना. ड्रायव्हर आणि पुतण्या रस्त्यापलीकडे जाऊन पाटी लांबून कशी दिसते ते बघू लागले, बाईही त्यांच्या मागून गेल्या. काका आजींच्या खुर्चीपाशी ड्रिलची वायर गुंडाळत उभे राहिले. त्यांच्या मनावरचा भार जरा उतरला होता. चूक निस्तरली. उशिरा, पण निस्तरली. एक घर दुखावलं, एक सुखावलं.

"आजी, सात वर्षं तुम्हाला वाटत राहिलं की आम्ही त्याला मुद्दाम वगळलं," ते म्हणाले. "आधीच का नाही कळवलंत? एक चिठ्ठी टाकली असती तरी मी धावत आलो असतो."

"ताई लिहू द्यायची नाही."

"का? राग होता?"

"राग कसला!" आजी पाटीकडेच बघत होत्या. "तुमची मिरवणूक आमच्या खिडकीखालून गेली, थेट पुढे गेली. कुणी आमच्या दाराशी थांबलं नाही. मला रडू आलं. ताई मात्र एकदम उठून बसली. म्हणाली, अगं, समितीवाल्यांनी सरकारी कागद पाहिलेत. मेलेल्यांची यादी केलीय. आपला त्यात नाही. म्हणजे त्यानं उडी मारली, लोक म्हणत होते ते खरंच होतं! कुठेतरी उतरला, जगला. लाजेनं परत आला नसेल, पण जगला."

काकांच्या हातातली वायर तशीच राहिली.

"चार वर्षं ती तेच बोलत होती. तिकडे लग्न केलं असेल, पोरं झाली असतील, टक्कल पडलं असेल. आमच्या बाबांना होतं टक्कल. टकलाचं बोललो की दोघी हसायचो. गेली तेव्हा तसंच समजून गेली. मी तिला म्हणायची, एकदा लिहून विचारू या. ती म्हणायची, नको, विचारलं की उत्तर येतं." आजींनी घोंगडीवरची लाल पूड बोटानं गोळा केली. "मग मलाही ते खरं वाटायला लागलं. आता या घरातून निघायची वेळ आली, म्हटलं जाण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी. तुम्ही उत्तर लिहाल असं वाटलं, की बाई, तुमचा भाऊ आमच्या यादीत नाही."

पस्तीस वर्षं काकांनी लोकांच्या हातात पाकिटं दिली आणि आत काय आहे याची जबाबदारी कधी घेतली नाही. शनिवारी मात्र त्यांनी वरच्या खोलीत बसून, आनंदानं, हात हलवत, जहाजावरच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं होतं. सातही जण आत होते म्हणाले होते. शेवटपर्यंत तिथेच होता म्हणाले होते.

"काढू का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "आजी, काढून टाकू का ती?"

आजींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. सत्तर वर्षांच्या माणसाकडे आजारी मुलाकडे बघावं तसं.

"नको," त्या म्हणाल्या. "आता लागली ती लागली. पुतण्याला हाक मारा, वर न्यायला सांगा मला. रात्री मला भावाच्या खोलीत एकदा झोपायचंय."